न धुतलेला शर्ट

एडमंटन,
गुरुवार, १३ नोव्हेंबर

प्रिय तारस,

खूप खूप आशीर्वाद. तू माझे फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र शेजारच्या डार्लीनच्या हाती देते आहे. ती उद्या लेकीकडे, तुमच्या ग्रँड प्रेअरीलाच निघाली आहे. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस. गुडघे दुखत असताना बिचारी तुझा जिना चढून येणार आहे. तिला कॉफी दे.

इकडे सगळं ठीक. नदीवर बर्फाचे तुकडे वाहायला लागलेत. शनिवारी चर्चच्या तळघरात पिरोही वळायला गेले नाही, तर बायकांचे लगेच फोन. त्यांना माझी काळजी कमी, बटाट्याच्या सारणाची जास्त. तुझी लाकडाची गिरणी कशी चालली आहे? हातमोजे घालतोस ना?

आता कामाचं बोलते. मला तुझा एक शर्ट हवा आहे. घातलेला, घामट, न धुतलेला. हसू नकोस.

सिर्को हरवला आहे.

शनिवारी सकाळपासून कुत्रं खाली दरीत आहे. आपल्या नेहमीच्या वाटेवर, पादचारी पूल ओलांडल्यावर जिथे बीव्हरांनी पॉप्लरची झाडं कुरतडून पाडली आहेत, त्याच वळणाच्या आसपास. पट्टा गळ्यात तसाच लोंबतो आहे. तो एखाद्या झुडपात अडकला तर... जाऊ दे, मी तो विचार करत नाही. म्हणजे दिवसभर तोच करते.

पहिल्या दिवशी मी नदीकाठाने त्याच्या नावाने हाका मारत फिरत होते. तेवढ्यात रोंडा आली. हरवलेली कुत्री शोधून देणाऱ्या लोकांपैकी आहे ती. आल्या आल्या माझ्यावरच खेकसली, "बाई, आधी तोंड बंद करा! घाबरलेल्या कुत्र्याला स्वतःचं नावसुद्धा ओळखू येत नाही. तुम्ही ओरडाल तसा तो लांब पळेल."

"मग काय करू? हातावर हात ठेवून बसू?"

"अगदी तेच करा. दिसला तर त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं आणि सॉसेज खायचं. मिटक्या मारत."

तेव्हापासून तुझी आई रोज सकाळी बर्फात बसून जंगलाकडे पाठ करून सॉसेज खाते. पळायला येणारे लोक मला लांबून वळसा घालून जातात. एकाने तर विचारलं, "आजी, कुणाला बोलवू का?"

रोंडाने त्या वळणावर भाजलेली कोंबडी ठेवली, शेजारी बाबांचा कोट अंथरला आणि झाडाला कॅमेरा बांधला. तो आला, तारस. पहाटेच्या फोटोत आहे. बरगड्या दिसायला लागल्यात त्याच्या. कोट हुंगला, नुसता उभा राहिला आणि परत झाडीत गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. कोंबडीला तोंडसुद्धा लावलं नाही.

रोंडा म्हणाली, "हा कोट काही कामाचा नाही. कुत्रं मनातून कुणाचं आहे ते सांगा. त्या माणसाचा अंगातला कपडा आणा."

मी धावत घरी आले आणि तुझं कपाट उघडलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे. जीव घाबरा झाला की मी धुणं काढते. तू गेलास त्या दिवशी संध्याकाळच्या आत मी तुझं सगळं धुवून टाकलं होतं. शर्ट, चादरी, ती फाटकी टोपी, सिर्को तुझ्या पायाशी ज्या घोंगडीवर झोपायचा तीसुद्धा. इस्त्री करून घड्या घातल्या होत्या. परवा मी एकेका कपड्यात नाक खुपसलं. सगळीकडे साबण. तुझा वास या घरात कुठेच उरलेला नाही, आणि तो मीच घालवला.

आता तू विचारशील, बाबांच्या हातून पट्टा सुटलाच कसा? तो माणूस तर हातातलं काही सोडत नाही. इथवर लिहीत आले, पण अजून ते लिहिलेलं नाही.

बाबा पडले रे. पाय घसरून नाही. मेंदूत रक्ताची गुठळी झाली. त्या वळणावरच कोसळले, उजवी बाजू गेली. सिर्को त्यांना चिकटून बसला आणि कुणीतरी येईपर्यंत भुंकत राहिला. मग स्ट्रेचर घेऊन माणसं आली, आरडाओरडा झाला, कुणीतरी त्याला बाजूला ओढलं आणि तो बिथरून पळाला. वाचवलं त्यानेच, आणि हाकललाही गेला तोच.

डॉक्टर म्हणतात, पुन्हा होऊ शकतं. ज्यांना भेटायचं असेल त्यांना बोलावून घ्या म्हणाले.

बाबा बोलतात, तोंड वाकडं करून, तुटक. काल विचारलं, "सिर्को?" मी म्हटलं, घरी आहे, हीटरजवळ घोरतोय. तर रडायला लागले. तुझे बाबा! ईस्टरच्या दिवशी दारात तुझ्या हातातून पट्टा हिसकावून "आपलं दुकान सांभाळायचं नसेल तर चालता हो, कुत्रं इथंच राहील" म्हणणारा हाच तो माणूस. काल मला म्हणाले, "वाटलं होतं... कुत्र्यासाठी तरी... पोरगा येईल." सात महिने तुझं कुत्रं रोज दरीत फिरवत होते, ते यासाठी. मला एका शब्दाने बोलले नाहीत. तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी.

माफ कर असं मी म्हणणार नाही. ते दारातलं बोलणं मीसुद्धा अजून माफ केलेलं नाही. पण रविवारपासून थंडी उणे पंचवीसवर जाणार आहे. सकाळी बर्फात बसते तेव्हा हॉस्पिटलमध्ये काय झालं असेल म्हणून जीव जातो, आणि बाबांच्या उशाशी बसते तेव्हा कुत्रं आताच वळणावर येऊन गेलं असेल असं वाटतं. मी एकटी आहे रे. दोघंही माझ्या हातून निसटताहेत. माझ्याच्याने होत नाही आता.

डार्लीन शनिवारी सकाळी परत निघेल. शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, असं रोंडाने सांगितलं आहे. ती पिशवीही मी डार्लीनजवळ दिली आहे. आणि येताना तिच्या गाडीतली शेजारची सीट रिकामी असणार आहे, हेही मी तिला विचारून ठेवलं आहे.

पिशवी नको, तारस. शर्ट अंगातून काढूच नकोस.

जंगलाकडे पाठ करून बसलेली,
तुझी आई