अक्कानं मांडे केले

माय,

परवा अक्षय्य तृतीया, आपली आखाजी झाली. काकूच्या ओट्यावर तुझ्या नावाची घागर भरली, वर आंबा ठेवला, सांजोरी ठेवली, निखाऱ्यावर तुझा घास टाकला. दरवर्षीचंच सगळं. पण यंदाचे मांडे अक्कानं केले. हे ऐकून तू काय केलं असतंस ते मला माहीत आहे. हातातलं टाकून धावली असतीस, आणि मग माझ्या नावानं शंख केला असतास, की तू तिथे असून तिला करू कसं दिलंस. म्हणून आधीच सांगते, मी तिथे नव्हते. धुळ्याहून पहिल्या गाडीनं एरंडोल आणि तिथून रिक्षानं गाव गाठेपर्यंत सहा मांडे होऊन टोपलीत पडले होते आणि सातवा तिच्या हातांवर होता.

मी फाटकातच थांबले. परसात तीन दगडांची चूल, तिच्यावर पालथं घातलेलं खापर, आणि त्याच्यासमोर आपली अक्का, पदर खोचून, बाह्या कोपराच्या वर सारून. पुरण भरलेला उंडा ती या हातावरून त्या हातावर टाकत होती, आणि तो वाढत वाढत पार कोपरापर्यंत आला, इतका पातळ की पलीकडची तिची बोटं दिसत होती. मग एका झोक्यात तो तिनं खापरावर टाकला. सुरकुती नाही, भोक नाही. तू करायचीस तस्सा. मी पिशवी तिथेच टाकली आणि ओरडले, "अक्का! तुला काय मरायचंय का?" एसटीत वीस वर्षं कंडक्टरकी करून माझा आवाज कसा झालाय ते तू ऐकलेलं नाहीस. शेजारची कुत्री भुंकायला लागली. काकूनं मात्र मान वर केली नाही. "वरडू नको व," ती म्हणाली, "मांडा फाटी जाई. तिले करू दे. तुले कथा येस मांडा?"

ते खरं आहे. मला मांडा कधी आलाच नाही, आणि तू मला शिकवायचं सोडलं नाहीस. गावात कुणाकडेही लग्न असलं की मांड्यांना तुला बोलावणं यायचं. तुझ्यामागे कुणीतरी ते करायला हवं म्हणून तू मला खापराजवळ उभी करायचीस. माझा मांडा हातातच फाटायचा आणि पुरण चुलीत पडायचं. अक्का दारातल्या खाटेवर बसून बघायची. तिला जवळ येऊ द्यायचं नव्हतं, धूर लागतो, दम लागतो. "ती नाजूक शे, तू धट शेस," हे तुझं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मला वाटायचं ते माझ्या जन्माच्या दाखल्यावर लिहिलेलं आहे. धट असल्यामुळे पाण्याच्या कळशा माझ्या, शेण माझं, गोठा माझा. अक्काच्या काळजाला भोक होतं, माझ्या काळजाला नव्हतं, त्याचं भाडं मी भरत होते असं समज.

आणि तिचं दुखणं काही खोटं नव्हतं. जन्मली तेव्हा रडताना ओठ निळे पडायचे. शाळेत बाईंनी दोनदा हात पुढे करायला लावून विचारलं, जांभळं कुठे खाल्लीस? मला अंधुक आठवतं, मी तुझ्या कडेवर आहे, शाळेच्या वाटेवर अक्का दहा पावलं चालते आणि बांधाशी उकिडवी बसते, गुडघे छातीशी घेऊन. तू म्हणतेस, "ऊठ, बठी काय ऱ्हायनी!" ती उठत नाही. पुढचं मला आठवत नव्हतं. ते परवा कळलं.

पुढे जळगावच्या एका डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि म्हणाला, ही पोर हौसेनं बसत नाही, बसलं की तिला श्वास पुरतो म्हणून बसते. नवव्या वर्षी तिला मुंबईला नेऊन तुम्ही ऑपरेशन करून आणलं. गळ्यापासून पोटापर्यंत टाके. ओठ लाल झाले, नखं गुलाबी झाली, आणि तू तिला खाटेवर बसवलीस. दरवर्षी तपासायला तुम्ही दोघीच जायच्या आणि परत आल्यावर तू चप्पल काढता काढता सांगायचीस, डॉक्टर म्हणे जड काम नको, दगदग नको. एवढं ऐकलं की मी कळशी उचलायचे. प्रश्नच नव्हता.

तिनं शेवटचा मांडा टाकला, हात धुतले, आणि मला काकूच्या न्हाणीमागे नेलं. घामानं भिजली होती, पण श्वास सरळ होता. बसमध्ये उभ्या बाईकडे बघून मला कळतं की हिला जागा करून द्यावी की नाही. अक्काला जागा लागत नव्हती. मी म्हटलं, डॉक्टरांनी नको सांगितलंय ना? ती म्हणाली, "डॉक्टरांनी कधीच नको सांगितलं नव्हतं."

माय, हे तू मला एकदाही का सांगितलं नाहीस?

ती सांगत होती आणि मी न्हाणीच्या भिंतीला टेकून उभी होते. ती सोळा वर्षांची असताना डॉक्टर तिच्यासमोर तुला म्हणाले होते, हिला पळू दे, खेळू दे, पाणी भरू दे. दमली तर आपली आपण बसेल, तिचं तिला कळतं. फक्त दरवर्षी दाखवत जा. बाहेर येऊन तू पायरीवर बसलीस आणि उठेनाशी झालीस. अक्काला वाटलं तुलाच काही झालं. तेव्हा तू तिला सांगितलंस की बांधाशी बसलेल्या त्या पोरीला तू बाभळीच्या फोकानं मारलं होतंस. एकदा नाही, तीन-चार दिवस. नखरे करते म्हणून. तिची नखं निळी असताना. "मना हातनं मरती तू," असं तू म्हणालीस आणि भर दवाखान्याच्या पायरीवर रडलीस. आणि मग, "धाकलीले सांगू नको."

धाकली म्हणजे मी. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि त्या वेळी बहुधा पाणीच भरत होते.

मी अक्काला विचारलं, "मग तू बसून का राहिलीस? बारा वर्षं? माय जाईपर्यंत?" ती म्हणाली, "मी कळशीला हात लावला की तिचं तोंड पांढरं पडायचं. मी बसले की ती जेवायची. मला बसायला काय लागत होतं?" एवढंच. जसं काही तिनं कुणाला बसायला पाट दिला. धडधाकट पोर, जिला झाडावर चढावंसं वाटत होतं, ती आईच्या भीतीपायी आजारी माणसाचं सोंग करून खाटेवर बसली, आणि आम्ही सगळे तिची सेवा करतोय असं समजत होतो. सेवा ती करत होती. आणि माझ्या तोंडातून निघालं ते हे, "म्हणजे पाणी मी उगाच भरलं?"

ती हसायला लागली. मग मीही हसले, आणि मग मला इतका राग आला की मी तिथली बादली लाथेनं उडवली. दहावीनंतर मामा मला धुळ्याला न्यायला आला होता, आठवतं? कपड्यांची पेटी भरली होती. तू दारात म्हणालीस, "मंग पानी कोन भरी?" आणि मामा एकटा परत गेला. तेव्हा तुला चार वर्षांपासून माहीत होतं की पाणी भरायला घरात दुसरे दोन हात आहेत. पुढे एसटीत लागले म्हणून धुळं दिसलं, पण शिकायचं ते राहिलंच. मी हे सगळं अक्काला ओरडून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "तेव्हा मी बोलायला हवं होतं. मायला म्हटलं होतं एकदा, तिला जाऊ दे, मी करते. ती दोन दिवस जेवली नाही. मग मी गप्प बसले. ते माझं चुकलं. तिचं नाही, माझं." माय, चूक कबूल करताना अशी सरळ उभी राहिलेली बाई मी दुसरी पाहिलेली नाही. तू गेल्यावर जळगावात, मेहरूणच्या तिच्या दोन खोल्यांत जेवढी स्थळं आली तेवढ्यांना तिनं आधी छातीवरच्या टाक्यांचं सांगितलं आणि मग चहा दिला. कुणी चहा पिऊन गेलं, कुणी न पिता. तिनं कुणालाही नाव ठेवलं नाही, कॉलेजच्या ऑफिसातली नोकरी केली आणि राहिली. मला वाटायचं ती थंड आहे. ती थंड नाही, ती खरी आहे. फक्त तुझ्यापुरतं खोटं वागली, आणि तेही जीव तोडून.

आणि मांडे कधी शिकली? तू लग्नांना जायचीस तेव्हा. तू गेलीस आणि मी शाळेत असले की ती काकूकडे जाऊन परसात शिकायची. काकूनं तीस वर्षं तोंड उघडलं नाही, जिच्या पोटात तीळ भिजत नाही असं तू म्हणायचीस ती काकू. कधी कधी मी शाळेतून यायचे तर रांजण भरलेला असायचा. मला वाटायचं काकूनं भरला. काकूनं भरला नव्हता, माय.

मग मी विचारलं, पण यंदाच का उघड्यावर? त्यावर तिनं सांगितलं, पदरानं मान पुसत, पावसापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं. लहानपणी दुरुस्त केलेली झडप आता गळते आहे. ती बदलावी लागणार, छाती पुन्हा उघडावी लागणार. नंतर तीन महिने हात उचलायचे नाहीत. "पुढचं पुढे," ती म्हणाली. "एक आखाजी तरी सगळ्यांसमोर करून घ्यावी म्हटलं." मी ती उडवलेली बादली उचलून जागेवर ठेवली. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एकच मागितलं. "दवाखान्यात माझ्याबरोबर तू येशील. डॉक्टर तुला जे सांगतील ते जसंच्या तसं मला सांगायचं. चांगलं असो, वाईट असो. मायसारखं करायचं नाही. एवढं एक कर." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ती म्हणाली, शपथ नको, नुसतं सांग.

काल आम्ही जळगावला गेलो. ती आत तपासणीच्या टेबलावर होती, पडद्याआड यंत्राचा आवाज येत होता, आणि डॉक्टरबाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. हृदयाची उजवी बाजू त्यांच्या अंदाजापेक्षा बरीच वाढली आहे. ऑपरेशन करायचंच, पण थोडा उशीर झालाय, आणि धोका लहानपणीसारखा नाही, जास्त आहे. किती जास्त तेही त्यांनी सांगितलं. तो आकडा मी इथे लिहीत नाही. त्या म्हणाल्या, "सोमवारी मी त्यांच्याशी बोलणारच आहे. पण त्याआधी घरच्या माणसाकडून कळलं तर बरं." मी मान हलवली. बाहेर आले तर अक्का बाकावर बसून ब्लाउजचं वरचं बटण लावत होती. तिनं वर बघितलं. "काय म्हणाल्या?"

मी म्हणाले, "काही नाही ग. सोमवारी या म्हणाल्या."

माझं तोंड आपोआप उघडलं आणि शब्द बाहेर पडले, सुट्टे द्या म्हणावं इतक्या सहज. ती माझ्याकडे बघत राहिली. मी कुठेतरी दुसरीकडे, औषधाच्या जाहिरातीकडे बघितलं. मग ती म्हणाली, "बरं." आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. "तू पाणी पी आधी. तोंड बघ कसं पांढरं पडलंय."

तिला कळलं, माय. आणि कळूनही तिनं मला विचारलं नाही. कालपर्यंत मी तुझ्यावर चिडले होते, काय काय बोलणार होते तुला. आता कुठल्या तोंडानं बोलू? तू एवढी वर्षं भ्यालीस, माझा शब्द एक दिवससुद्धा टिकला नाही.

धुळे डेपोतल्या बायकांच्या खोलीत बसून हे लिहिते आहे, पुढची फेरी सुटायला पाऊण तास आहे. सोमवार तीन दिवसांवर आहे. डॉक्टरांनी सांगायच्या आत मला सांगायला हवं, तेवढंच तिनं मागितलंय, आणि तिनं आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही. फोन समोर ठेवलाय. दोनदा तिचा नंबर लावला आणि वाजायच्या आत तोडला. हा कागद कुठे पाठवायचा नाही, फाडून टाकीन. खरं सांगायचं तर, काल ती "बरं" म्हणाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.