सूटवाल्याची बायको

१० जानेवारी २००२, गुरुवार
आज यांनी पुन्हा सीडी आणली. सू. चा पिक्चर. (सू. म्हणजे सूटवाला, मु. म्हणजे मुखवटेवाला. दोघंही इंग्रजी गुप्तहेर. दर वेळी पूर्ण लिहायचा कंटाळा येतो.) हे हिंगोलीत शाळेवर इंग्रजी शिकवतात, मी नववीतून सुटलेली. म्हणून पिक्चर लागला की हे शेजारी बसून मराठीत सांगत जातात. गोरा माणूस ओठ हलवतो आणि आवाज यांचा येतो. इतकी सवय झालीय की टीव्हीचा आवाज आम्ही बंदच ठेवतो.

मला सू. आवडतो, यांना मु. जेवताना त्यावरून जुंपते. मी म्हणते, सू. कुठंही गेला तरी स्वतःचं खरं नाव सांगतो. हे हसतात. "अगं, गुप्तहेर हाय तो. नाव सांगत हिंडतो का कोणी?" मु. दुसऱ्याचा चेहरा चढवून जातो, तेच बराबर म्हणे. मला नाही पटत. तोंड सोललं की आतून भलताच निघतो, असल्या माणसाला घरात तरी कसं घ्यावं.

शिवाय सू. ची बायको. भोवती पोरी किती का असेनात, हे सांगतात, "त्या कामापुरत्या. घरी बायको वाट पाहून राहिली, तो तिच्यापाशीच जातो." ती कधी दिसत नाही. फोनवर असते नाहीतर आठवणीत. मला बरं वाटतं.

१५ जानेवारी, मंगळवार
शेजारच्या जुबेदाखालांकडे तिळगूळ घेऊन गेले. त्यांच्या केबलवर सू. लागलेला, हिंदीत! आम्ही मागे पाहिलेलाच पिक्चर. मी म्हटलं, "खाला, आता याची बायको फोन करते बघा." फोन नाही, काही नाही. शेवटी सू. त्या पोरीबरोबर बोटीत. खाला म्हणाल्या, "बीवी? किसकी बीवी? ये तो छडा है गे, शादीच नहीं करा!"

घरी येऊन यांना काही बोलले नाही. हिंदीवाल्यांनी कापली असेल. पण माणूस कापता येतो, फोन कापता येतो, एवढी सगळी बायको कशी कापतील?

१८ जाने., शुक्र.
झोप नाही नीट. एक बायको खोटी, तर बाकी काय काय? मु. तरी खरंच छडा आहे का, की त्यालाही घरी कोणी आहे आणि यांनी सांगितलं नाही…

सू. चे नट बदलत आले, तरी सगळे म्हणतात हा तोच. मु. चा नट तोच, चेहरे बदलतो. यातला जास्त लबाड कोण? आजवर मला वाटायचं मु. आता सांगता येत नाही.

२६ जाने., शनिवार
हे झेंडावंदनाहून आले, जिलबी आणली, आणि लगेच इस्त्रीचा शर्ट. दर शनिवारी दुपारी कनेरगाव नाक्याला दहावीचा क्लास असतो. मी म्हटलं, आज तरी सुट्टी असेल. "परीक्षा जवळ आली." जाताना नेहमीचं, "जेवून घे. माझी वाट पाहू नको." मीही दारातून नेहमीचं, "काहून? उशीर होतो का?" हसले आणि गेले.

माझ्या चपलेचा अंगठा तुटला. जाता जाता हिरव्या वायरीने बांधून दिला, म्हणाले, पुढं मोच्याला दाखवू. एवढी काळजी करणाऱ्या माणसावर संशय घ्यायचा म्हणजे… पण सीडीही पिशवीत घालून नेली. क्लासला सीडी कशाला?

२९ जाने., मंगळ.
बाजारात कनेरगावची बाई भाजी घेऊन बसते. तिची पोरगी यंदा दहावीला. सहज विचारलं. "सरचा क्लास? न्हाई बा! आमच्या गावात कुठला क्लास?" मेथी घेतली आणि पिशवी तिथंच विसरून आले.

कोण असेल ती? मला माहीत हवंच. नाही कळलं तर या घरात पुढं मला धड राहता येणार नाही.

२ फेब्रु., शनिवार
मी कनेरगाव नाक्याला गेले होते. सगळं लिहून ठेवते.

खाला लेकीकडं वाशिमला निघाल्या होत्या, त्यांना सगळं सांगितलं आणि त्यांच्याबरोबर निघाले. त्या म्हणाल्या, "मेरा दूसरा बुरखा है, डाल ले." मी म्हटलं, "न्हाई खाला, मी आपल्याच तोंडानं जाणार." सू. सारखी. नाक्यावर उतरलो तर समोर ढाबा. आतून यांचा आवाज. मग माझा सू. पार पळाला. आम्ही दोघी मागच्या बाजूनं जाऊन फॅमिलीवाल्या खोलीत बसलो. दाराला आखूड पडदा, गुडघ्याखाली सगळं उघडं. चहा मागवला.

बाई नव्हती कोणी. खाटांवर ट्रक ड्रायव्हर, पुढं टीव्ही, टीव्हीशेजारी स्टुलावर हे. आमचाच गुरुवारचा पिक्चर. हे सांगत होते आणि ड्रायव्हर शिट्ट्या मारत होते. शाळेत कळलं तर काय होईल! म्हणून हे क्लासचं सोंग. मला हसूच यायला लागलं. खालांनी तोंडाला बुरख्याचं टोक लावलं.

आणि मग सू. त्या पोरीला सोडून निघाला. हे म्हणाले, "जेवून घे. माझी वाट पाहू नको." पोरीसाठी बारीक आवाज काढला, "काहून? उशीर होतो का?" सगळा ढाबा हसला. तो आवाज माझा होता. हुबेहूब.

एकानं विचारलं, "सर, याला घरवाली न्हाई का?"
"न्हाई. याला कोणीच न्हाई."

चहा तसाच राहिला. शेवटाला मात्र हे अचानक म्हणाले, "आता हा घरी चालला. बायको वाट पाहून राहिली." ड्रायव्हर ओरडले, "आता तं म्हणले कोणी न्हाई!" हे म्हणाले, "हाय. आधीपासून हाय."

खालांनी माझा हात दाबला. "सुन लिया? अब रो मत." त्यांना वाशिमच्या गाडीत बसवलं आणि मी परत आले.

३ फेब्रु., रवि.
काल हे आल्यावर म्हणाले, "पोरं लय ढ हायत." मी वाढलं. राग येतोय, माझ्या आवाजाचा तमाशा केला म्हणून. पण ते शेवटचं वाक्य आठवलं की राग टिकत नाही. आधीपासून हाय, म्हणाले. एवढं मला पुरे. सोडून द्यावं.

७ फेब्रु., गुरुवार
सोडता येत नाही.

संध्याकाळी हे माझी चप्पल मोच्याकडून शिवून घेऊन आले. विचारलंही नव्हतं. वायर काढून नवा अंगठा. दारात ठेवत म्हणाले, "ती हिरवी वायर लय लांबून दिसते." बस, एवढंच. माझ्याकडं पाहिलं नाही.

म्हणजे ढाब्यात पडद्याखालून दिसली. कधी दिसली? कोणीच न्हाई म्हणाले त्याच्या आधी, की नंतर? आधी दिसली असेल तर ते मला ऐकवलं. नंतर दिसली असेल तर पिक्चरात बायको आणली ती चप्पल पाहून.

जेवण झाल्यावर सीडी लावली. सू. एका हॉटेलच्या खिडकीत एकटाच उभा. हे म्हणाले, "बायकोची आठवण येऊन राहिली त्याला." मी विचारलं, "काय म्हणून राहिला तिला?" सू. चे ओठ हलत होते. आवाज येईना. मी उठून टीव्हीचा आवाज मोठा केला.

एवढ्या वर्षांत आज पहिल्यांदा सू. चा स्वतःचा आवाज ऐकला. बराच वेळ बोलला. मला एक अक्षर समजलं नाही, आणि यांनी सांगितलं नाही.