ट्रकवाल्याची वकील

नागपूर

प्रिय आईस,
ज्योतीचा जयभीम.

माझी तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत? दादा हळद काढायला माणसं लावतो की तुलाच राबवतो?

करुणावहिनीकडून कळलं, तू माझ्यावर नाराज आहेस. ज्या ट्रकखाली माणूस मेला, त्याच्या ड्रायव्हरची केस पोरीनं काहून घेतली, असं तू विचारलंस. बाबांना वारंगा फाट्यावर ट्रकनंच उडवलं होतं, आणि तो ट्रकवाला कधी सापडला नाही. म्हणून मीही आधी नाही म्हणणार होते. पण या माणसाला वकील नव्हता, कोर्टानं मला नेमलं. गुन्हा शाबीत होईपर्यंत तो निर्दोष, असंच कायदा मानतो.

उलटतपासणीत साक्षीदार म्हणाला, "ट्रक पाहिला, चालवणारा न्हाई पाहिला." त्यावर ड्रायव्हर सुटला.

मेलेल्याची बायको बाकावर बसून होती. मी जवळ जाऊन सांगितलं, "ही फौजदारी केस संपली. भरपाईचा दावा वेगळा असतो, तो ट्रकच्या मालकावर करता येतो." तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माझ्या माणसाला मारलं कोणी, बाई?"

बाबा गेल्यावर तूही पोलिसांना हेच विचारत राहिलीस. पण पुराव्याशिवाय कुणालातरी आत टाकून दिलेलं उत्तर तुला चाललं असतं का, आई?

रविवारी फोन करते. रागव, पण उचल.

तुझी लेक,
ज्योती