सहापैकी चार पट्टे

३ नोव्हेंबर, सोमवार
कन्येची सायकल शर्यत १६ तारखेला. ठिकाण साठ किलोमीटरवर. पहिल्या तिघींना राज्याच्या शिबिरात प्रवेश. डिसेंबरात कन्येला चौदा पूर्ण होतात, म्हणजे या गटात हा शेवटचा चान्स.
तिचा कोच सगळ्या मुलींना सायकलींसकट टेम्पोने नेणार आहे. त्याच्या गळ्यात सतत शिट्टी असते, म्हणून मी त्याला शिट्टीच म्हणतो. घरात उठता-बसता 'सर म्हणतात, सर म्हणतात' चालू असतं. बाप काय म्हणतो हे विचारायला कोणाला सवड नाही.
संकल्प: मुलीला मी स्वतः नेणार, आपल्या गाडीने. डिकीवर लावायचा सायकल रॅक ऑर्डर केला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
ऑफिसात दोन क्लेम फेटाळले. एका बाईंनी गीझर बसवताना माहितीपत्रकच वाचलं नव्हतं. आता भिंतीसकट खाली आला म्हणून रडतायत. इन्शुरन्स कंपनी असल्या निष्काळजी लोकांना पोसायला काढलेली नाही.
घरी आलो तर रॅक आलेला. सोबत बारा पानी माहितीपत्रक. फेकून दिलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
दोन तासांत रॅक बसवला. सहा पट्ट्यांपैकी वरचे दोन आणि बाजूचे दोन लावले. खालचे दोन उरले. कंपन्या जास्तीचे देतातच. बायकोला जुनी गादी बांधायला दिले. कन्येने विचारलं, ते बंपरखाली अडकवायचे नसतात का. म्हटलं, ते वादळी भागातल्या लोकांसाठी असतात.

९ नोव्हेंबर, रविवार
ट्रायल. सायकल न लावता बिल्डिंगला तीन फेऱ्या. रॅक जागचा हलला नाही. कन्या म्हणाली, सायकल लावून बघू या. उगाच सायकलला कशाला त्रास.
एक बारीकशी गोष्ट. रॅक लावला की डिकी उघडत नाही. बटाटे आत राहिले. बायको काही बोलली नाही, पण ती कशी बोलत नाही हे मला चांगलं कळतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
शिट्टीचा फोन. टेम्पोत कन्येची जागा अजून राखून ठेवलीय म्हणे. मी परस्पर नको सांगून टाकलं. ती दारातच उभी होती. म्हणाली, "बाबा, या वेळी मला टेम्पोने जाऊ द्या. पुढच्या वेळी तुमच्याबरोबर येईन." म्हटलं, पुढची वेळ नाहीच आहे, म्हणून तर मी नेतोय. रडली. शर्यतीचं टेन्शन, दुसरं काय.

१६ नोव्हेंबर, रविवार, पहाटे ५.१०
हेल्मेट, शूज, नंबर, वयाचा दाखला सगळं एका बॅगेत घालून रात्रीच डिकीत ठेवलं होतं. गाडीत पसारा मला खपत नाही. मग रॅक, मग सायकल. गाडी काय रुबाबदार दिसतेय. शिट्टीने बघायला हवी.

दुपारी ३
वाटेत सगळे वळून वळून बघत होते. एक मोटरसायकलवाला तर बाजूला येऊन मागे बोट दाखवत होता. मीही हात हलवला. कन्या दोनदा म्हणाली, थांबून बघा ना. वेळेचं महत्त्व या पिढीला नाहीच. रबर जळल्याचा वास येत होता, तो पुढच्या ट्रकचा असणार.
७.०५ ला पोचलो. शर्यत साडेसातला. रॅक जरासा खाली सरकला होता. सायकलचं मागचं चाक सायलेन्सरच्या तोंडाशी आलं होतं आणि टायर वितळला होता. शिट्टी आला. टेम्पोतलं जादा चाक आणून दहा मिनिटांत बसवलं. मुलींसमोर भाव खायला बरं.
राहता राहिली बॅग. ती डिकीत. नंबर आणि दाखल्याशिवाय उभं करत नाहीत. रॅक काढायला गेलो तर एक बकल ताणून घट्ट बसलेलं. शिट्टीने खिशातून कटर काढला. मी त्याचा हात धरला. पट्टा कापला की वॉरंटी गेली, हे मला कळायला नको? कन्या म्हणाली, "बाबा, कापू द्या ना. बाबा." सोबत आलेली बायकोही तेच म्हणाली. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.
बकल शेवटी मीच सोडवलं. एकही पट्टा न कापता. तेव्हा ७.३४ झाले होते आणि मुली निघून गेल्या होत्या.
चार मिनिटांसाठी अडवतात म्हणजे काय. लेखी तक्रार करणार.

१९ नोव्हेंबर, बुधवार
आयोजकांविरुद्ध तक्रारीचा मसुदा तयार. अडीच पानं, मुद्देसूद. कन्येची सही हवी. ती करत नाही. रविवारपासून तोंडाला कुलूप. सायकललाही हात लावलेला नाही. तेवढाच अभ्यास होईल.

२३ नोव्हेंबर, रविवार
कन्या सकाळी आपणहून शेजारी येऊन बसली. खेळात हार पचवण्यावर मी एक छोटंसं भाषण तयार ठेवलं होतं. त्याआधीच ती म्हणाली, "बाबा, चूक तुमची नाही. तुम्ही कसे आहात ते मला माहीत होतं. तरी मी गाडीत बसले." मी म्हटलं, शाबास, चूक कबूल करायला मोठं मन लागतं. ती उठली.
मग तिने सायकल खाली नेली. तिच्या ग्रुपमध्ये एक अकरा वर्षांची मुलगी आहे, तिला देऊन टाकतेय, असं बायको म्हणाली. त्या मुलीला अजून तीन वर्षं आहेत.
मी बाल्कनीतून हाक मारली, थांब, गाडीने सोडतो. तिने नको म्हटलं. सायकलवर बसलीही नाही. चार किलोमीटर आहे, हातात धरून चालत निघाली.
वळण येईपर्यंत बघत होतो. तिने मागे पाहिलं नाही. मघाचं तिचं वाक्य वर लिहिलंय, ते पुन्हा वाचलं. शाबास म्हणायला नको होतं.