ताईला कळलीसुद्धा नाही अशी तांबी

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार असं लिहायची पद्धत आहे, पण सध्या पोटावर पालथं पडणं जमत नाही, तेव्हा उभ्याउभ्या केलेला नमस्कार गोड मानून घे. (उभ्यानेही फार वेळ जमत नाही.) तुझी तब्येत बरी असेल अशी आशा करते, असं लिहिणार होते. पण आशा कशाला, खात्रीच आहे. तुझी तब्येत जन्मापासून बरीच आहे. भावोजींची कंबर काय म्हणते? मुलांच्या परीक्षा झाल्या का? इकडे सगळे मजेत आहेत. त्या 'सगळ्यां'तून मला तेवढं वगळ.

फोन सोडून पत्र का लिहिते आहे, असं तुला वाटेल. फोनवर तू पहिल्याच मिनिटाला 'होईल गं बरं' म्हणतेस आणि मग माझं उरलेलं सगळं बोलणं पोटातच राहतं. पोटात आता आणखी काही ठेवायला जागा नाही. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून मी आज सुट्टीच्या दिवशी दुपारी, नवरा आणि पोरं पोहायला गेलेली असताना, शेकायची पिशवी मांडीवर घेऊन लिहायला बसले आहे.

तर तांबी. (तांबी आपलं म्हणायचं. हिच्यात तांबं नाही, हार्मोन आहे. पण आई तांबी म्हणते, तू तांबी म्हणतेस, आणि नवऱ्याला तर तो शब्दही उच्चारायचा नसतो, तो नुसता 'ते' म्हणतो.) माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला, पाळीत अंगातलं निम्मं रक्त वाहून जातंय, तांबी बसवून घ्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा तू आमच्याकडे आली होतीस. सोफ्यावर पाय वर घेऊन बसलीस, बिस्किट चहात बुडवलंस आणि म्हणालीस, "बसवून टाक. मी बसवली तेव्हा मला तर कळलंसुद्धा नाही." ते वाक्य मी आजवर किती वेळा मनात घोळवलं असेल याची तुला कल्पना नाही. मला कळलं, ताई. बसवताना कळलं, घरी येताना रस्त्यातल्या एकेका खड्ड्याला कळलं, आणि तेव्हापासून रोज कळतंय. पाळी कमी होईल म्हणाले होते. कमी झाली, पण संपतच नाही. आज थोडा डाग, उद्या काही नाही, परवा पुन्हा थोडा, नळ नीट बंद न झाल्यासारखं. मध्येच पोटात अशी कळ येते की बोलता बोलता वाक्य अर्धंच सोडावं लागतं. डोकं दुखतं, छाती दुखते, आणि हनुवटीवर पुटकुळ्या. या वयात! माझ्या पोरीला अजून एक आली नाही, आणि तिची आई आरशासमोर उभी राहून मोजते आहे.

डॉक्टरीणबाईंना विचारायला गेले. त्यांनी तपासलं, तांबीचा दोरा जागेवर आहे म्हणाल्या, सगळं व्यवस्थित आहे म्हणाल्या. (सगळं व्यवस्थित असताना हे असं होतं, मग बिघडल्यावर काय होत असेल?) शरीराला सवय व्हायला काही महिने लागतात, बहुतेक जणींचं हळूहळू थांबतं, आणि काही जणींना तर काहीच त्रास होत नाही, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, त्यातली एक माझ्या ओळखीची आहे, सख्खी आहे. त्या हसल्या. मी हसले नव्हते.

खरं सांगू? मला तुझा हेवा वाटतो. नुसता वाटत नाही, जळफळाट होतो. आणि तो काही तांबीपासून सुरू झालेला नाही. आपल्याला कांजिण्या एकदमच आल्या होत्या. तुला चार फोड आले आणि आठवडाभर गोष्टीची पुस्तकं वाचायला मिळाली. मी अंगभर लेप लावून पांढरीफटक बसले होते आणि शेजारच्या काकू मला बघून दारातूनच परत गेल्या. तुझ्या अक्कलदाढा कधी आल्या ते तुलाही माहीत नाही. माझी एक आली तर गाल असा सुजला की माझं लग्नाआधीचं ओळखपत्र अजून कुणाला दाखवता येत नाही. तुझी बाळंतपणं झाली तेव्हा भावोजी गाडी लावून वर येईपर्यंत बाळ बाहेर. माझ्या वेळी नवऱ्याने दवाखान्यासमोरच्या हॉटेलात नाश्ता, जेवण आणि पुन्हा नाश्ता केला. आपण एकाच आईच्या पोटी आलो, पण तू आलीस तेव्हा चांगला माल भरपूर होता आणि माझ्या वेळेला उरलंसुरलं दिलं, असं माझं मत आहे. आईला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली की तू लहानपणापासूनच कुरकुरी. म्हणजे दुखणंही माझं आणि दोषही माझाच.

घरी तर तुझं नाव काढल्याशिवाय दिवस मावळत नाही. मी पोट धरून बसले की नवरा अगदी काळजीने जवळ येतो, पाणी आणून देतो, पाठीवरून हात फिरवतो, आणि त्याच हाताने माझं डोकं फिरवतो. म्हणतो, "पण तुझ्या ताईला काही झालं नव्हतं ना?" परवा मी बेसिनपाशी त्याचा टूथब्रश बघून रडले. कारण काही नव्हतं. ब्रशचे केस फेंदारले होते, बिचारा किती वापरला गेला असं वाटलं, बस. नवऱ्याने घाबरून नवा ब्रश आणला. मग मी जुन्यासाठी पुन्हा रडले. अशा वेळी तो कोपऱ्यात उभा राहून बघतो. त्याच्या अंगात कुणी काही बसवलेलं नाही, त्याला रात्री पडल्या पडल्या झोप लागते, त्याची हनुवटी गुळगुळीत आहे. त्याचाही मला हेवा वाटतो, पण तुझ्यानंतर.

आता दुकान. तुला माहीतच आहे, आमच्या गाद्यांच्या शोरूममध्ये मालकांचा एक नियम आहे: आधी आपण आडवं व्हायचं, मग गिऱ्हाईक. नुसतं हाताने दाबून दाखवलं तर गादी विकली जात नाही, विकणारीने तिच्यावर पडून सुख चेहऱ्यावर आणलं पाहिजे, असं ते म्हणतात. त्यात आमचा गणवेश साईच्या रंगाचा आणि गाद्या झाडून सगळ्या पांढऱ्या. मला कधी डाग पडेल याचा नेम नाही, आणि दिवसातून वीस वेळा पांढऱ्यावर लोळायचं आहे. माझा जीव किती टांगणीला लागत असेल, तूच सांग. (तू काय सांगणार म्हणा.) शेवटी मी उशांच्या विभागातून एक गडद तपकिरी चादर उचलली. प्रत्येक गादीवर पडायच्या आधी ती झटकून, ऐटीत पसरायची आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की गादी कधीही उघडी बघू नये, चादरीसकट बघावी, तरच खरा अंदाज येतो. हे मी कुठून काढलं ते मलाही माहीत नाही. पण लोकांना पटलं. गादीबरोबर तपकिरी चादरीही खपायला लागल्या. मालकांनी ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी हुकूम काढला की आजपासून सगळ्यांनी तपकिरी चादर वापरायची. उशांच्या विभागातली मुलगी मला म्हणाली, तुमचं डोकं फार चालतं हो. मी म्हटलं, डोकं नाही, खालचं चालतं. ती काही समजली नाही ते बरंच झालं.

मग तो बुधवार. एक म्हातारं जोडपं आलं. बाईंना मऊ गादी हवी होती, गृहस्थांना कडक. मी मऊवर चादर पसरली, आडवी झाले, चेहऱ्यावर सुख आणलं, आणि नेमकी तेव्हाच कळ आली. मुटकुळं झालं माझं. उठता येईना. दोघं माझ्याकडे बघत उभे. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, कुशीवर अशी गुडघे पोटाशी घेऊन पडले की कंबरेला कसा आधार मिळतो बघा. बाईंनी चप्पल काढली आणि दुसऱ्या बाजूला माझ्याकडे तोंड करून तशाच पडल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "पाळी का?" आणि मी त्या अनोळखी बाईंना सगळं सांगून टाकलं, तांबी, डाग, पुटकुळ्या, टूथब्रश, आणि तूसुद्धा. त्या म्हणाल्या, आमच्या वेळी असलं काही मिळालं असतं तर मी दोनवरच थांबले असते. (त्यांना सहा आहेत.) तेवढ्यात त्या गृहस्थांनी आपला कोट काढला, घडी केली आणि बाईंच्या पायांखाली ठेवला, तळव्यांना पंख्याचा गार वारा लागतो म्हणून. ते बघून मला जे रडू फुटलं ते आवरेचना. गादीवर दोन बायका, एक रडणारी, आणि बाजूला एक म्हातारा बायकोची पर्स सांभाळत उभा. मालक धावत आले. पण जोडप्याने गादी घेतली, मऊच घेतली, वर दोन उशा घेतल्या, आणि जाताना मालकांना सांगितलं की तुमच्याकडे माणसं मनापासून काम करतात.

त्या संध्याकाळी मालकांनी मला आत बोलावलं. मला वाटलं, गेली नोकरी. तर म्हणाले की नवं शोरूम उघडतो आहे, तिथलं सगळं तुम्ही बघा. फक्त एकच अट घातली. पूर्वी मी दर महिन्याला त्या दिवसांत दांडी मारायचे (रक्त जात असायचं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, काय करणार), तसं चालणार नाही. दुकान उघडणारीच घरी बसली तर कुलूप कोण काढणार?

आता माझी कोंडी बघ. तांबी ठेवली तर दांडी नाही, कारण हे डाग आणि कळा कितीही छळोत, त्या जुन्या धबधब्यापुढे हे काहीच नाही, हे मला कळतं. पण ठेवली तर मी टूथब्रशासाठी रडणारी बाई. काढली तर हनुवटी साफ, पण पुन्हा महिन्यातले चार दिवस अंथरुणात आणि नवं शोरूम उशांच्या विभागातल्या मुलीला. गेले कित्येक दिवस मी हाच हिशोब करते आहे आणि उत्तर रोज वेगळं येतं. कधी तो किती सोसायचं याचा असतो, आणि कधी, खोटं कशाला बोलू, तुझ्यासारखं नुसतं बिस्किट बुडवत मला का बसता येत नाही याचा. शेवटी काल मी डॉक्टरीणबाईंकडे फोन केला आणि काढून टाकायला शुक्रवारची वेळ घेतली. हे नवऱ्याला माहीत नाही, आईला नाही. तुलाच सांगते आहे. 'होईल गं बरं' असं लिहून पाठवू नकोस.

भावोजींना नमस्कार, मुलांना गोड पापा. कळावे, लोभ आहे तोवर असू दे.

तुझी,
उरल्यासुरल्यातून झालेली धाकटी

ता. क. तुझ्या त्या काळ्या ढगळ पँटी पाठवून दे. तू बारीक झाल्यामुळे तुला आता त्या होत नाहीत असं ऐकलं. (त्याबद्दल वेगळं पत्र लिहीन.)

ता. क. पँटींसाठी पत्र लिहिलेलं नाही. एक मागायचं होतं, वर चार पानांत धीर झाला नाही. मला एकदाच असं सांग की तुलाही दुखलं होतं. एखादा दिवस, एखादा तास. खोटं असलं तरी चालेल, मी तपासत बसणार नाही. तुला दुखलं होतं आणि तरी तू ठेवलीस असं कळलं तर मीही ठेवेन. मला ती काढायची नाहीये, ताई. मला फक्त एकटीनेच हे सोसायचं नाही.

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात भावोजींचा फोन आला. तू बाजारात गेली होतीस. त्यांना घरची गादी बदलायची आहे, कंबरेसाठी. मी सवयीप्रमाणे विचारलं की जुनी कुठे खचली आहे, कारण त्यावरून माणूस कसा झोपतो ते कळतं. ते म्हणाले, भिंतीकडच्या कडेला, तुझ्या बाजूला, लहानसा गोल खड्डा आहे. मी म्हटलं, भावोजी, असा खड्डा मुटकुळं करून पडणाऱ्याचा असतो, आणि ताई तर हातपाय पसरून झोपते. तर ते म्हणाले, "अगं, ती तांबी बसवली तेव्हा पाच महिने तशीच पडायची. शाळेतून आली की थेट तिथे. बोलली नाही का तुला?" मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, "बरं, मग मीही बोललो नाही असं समज."

मग हळूहळू सगळं काढून घेतलं त्यांच्याकडून. माझा रक्ताचा रिपोर्ट बघून तू परत जाताना गाडीत रडलीस. मी भित्री आहे, खरं सांगितलं तर कधीच बसवणार नाही, म्हणून 'कळलंसुद्धा नाही' हे वाक्य तू घरून ठरवून आली होतीस. पाच महिने तू फळ्याला पाठ टेकून गणित शिकवलंस, कारण सरळ उभं राहवत नव्हतं.

आधी मला इतका आनंद झाला की उठून घरभर फिरले. मग रडू आलं, आणि या वेळेस कारण होतं. आणि मग, ताई, पुन्हा तोच जळफळाट. तू पाच महिने सोसलंस आणि कुणाला कळू दिलं नाहीस, आणि मी ते एका अनोळखी बाईला गादीवर पडल्या पडल्या सांगितलं. म्हणजे दुखण्यातही तू पहिली. हे मला अजिबात मान्य नाही. शुक्रवारची वेळ रद्द केली आहे. तू पाच काढलेस ना? मी सहा काढीन, आणि एकही दिवस गप्प बसणार नाही. फोन जवळ ठेव.