पलीकडून फळी धरणारी

४ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, त्याबद्दल आधी रागावून घे आणि मग पुढे वाच. घरामागची अडगळीची खोली अखेर रिकामी झाली, एक कपाट तेवढं राहिलंय. आता तिथे माझं सुतारकाम चालणार. हौसेचंच, पण नीट करायचं आहे.

मागणं एकच. बाबांची टेबलात बसवलेली विजेची करवत मला दे. ते गेल्यापासून ती चादरीखाली झाकलेलीच आहे. टेम्पो मी पाठवते. तिच्यावर बाबांचा हात फिरलाय, मला दुसरी नको. तुझे जावई विचारत होते की भुसा कोण झाडणार. मी त्यांना केरसुणी दाखवली.

तुझा लोभ आहेच, तो करवतीसकट पोचावा.
तुझी सुतारपक्षी

११ फेब्रुवारी

चि. सुतारपक्ष्यास,
अनेक आशीर्वाद.

करवत मिळणार नाही. टेम्पो पाठवू नकोस, रिकामा परत जाईल.

रुसायच्या आधी ऐक. तू बाबांना नेहमी दारातून पाहिलंस. मी करवतीच्या पलीकडे असायची. ते फळी ढकलायचे आणि चिरून आलेलं टोक मी धरून हळूहळू मागे सरकायची. ओढायचं नाही, उचलायचं नाही, नुसतं तोलायचं. लग्न होऊन आले तेव्हा या घरात मला सगळ्यात आधी शिकवलं ते हेच. पात्यावरचं झाकण त्यांनी पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं. म्हणे, आखलेली रेघ दिसत नाही. मी ओरडले तर म्हणाले की पलीकडे तू आहेस ना.

तुझ्या शाळेच्या शेवटच्या वर्षी ते वाकून चालत होते, आठवतं? पोतं उचलताना कंबर धरली असं तुला सांगितलं होतं. खरं म्हणजे फळी उलटी आली होती. चिरलेलं लाकूड मागे मिटलं, पात्याला आवळलं आणि पात्याने फळी त्यांच्या पोटावर फेकली. मी धरलेली असूनही. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि हसले. मला तेव्हा हसू आलं नाही, अजून येत नाही.

ते तापाने गेले, करवतीने नाही. ते त्यांचं नशीब. टेम्पोत घालून ते तुझ्याकडे पाठवता येत नाही.

नवी घे. रुसलीस तरी वेळेवर जेव. नाही म्हटलं म्हणून माया आटली असं समजू नकोस.
आई

२ मार्च

ती. आईस,
सा. न., राग वजा जाता.

रुसले होते. जेवले मात्र वेळेवर. तुझं पत्र वाचून बाबांवरच रागवावंसं वाटलं, आणि रागवायला ते आहेत कुठे? मग बसून रडले. तुझ्या जावयांनी चहा केला, साखर विसरून.

काल दुकानात गेलो. विक्रेता सगळं यांनाच समजावत होता. खिळा आणि स्क्रू यांतला फरक ज्यांना लग्नानंतर कळला, ते गंभीर चेहऱ्याने मान डोलावत होते. शेवटी म्हणाले की मला एक अक्षर कळलेलं नाही, बाईंना सांगा.

दोन पसंत पडल्यात. एक मोठी, ओतीव लोखंडाच्या टेबलाची. बाबांच्या करवतीची धाकटी बहीणच म्हण. दुसरी लहान, घडीच्या पायांची, काम झालं की भिंतीशी उभी करता येते. दोघींच्या पात्यावर झाकण आहे, मागे पोलादी पट्टीही आहे. खोली लहानीला हो म्हणते, मन मोठीला. माहितीपत्रकं सोबत पाठवतेय. तू वाचतेस तसं आमच्यापैकी कोणी वाचत नाही. काय ते सांग.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
सुतारपक्षी

९ मार्च

चि. सुतारपक्ष्यास,
अनेक आशीर्वाद, आणि खरं बोलल्याबद्दल जावईबापूंना थोडे जास्त.

पत्रकं वाचली. शब्द अडला तिथे कोश उघडला. ताकदीचे आकडे सोडून दिले, तुला काही डोंगर चिरायचा नाही. पात्यामागच्या पट्टीचं मात्र तीनदा वाचलं. चिरलेलं लाकूड मिटू नये म्हणून ती फटीत उभी असते म्हणे. तेव्हा ही असती तर!

मोठीची पट्टी पात्याबरोबर वरखाली होते. लहानीची एकाच उंचीवर असते, फळी आरपार न चिरता वरवर खाच पाडायची तर ती आड येते, काढून ठेवावी लागते. आपल्या घरात एकदा काढलेली वस्तू पुन्हा जागेवर लागत नाही, आणि तू तुझ्या बापाची लेक. मोठी घे. मावत नसेल तर कपाट बाहेर काढ.

बंद करायचं बटण गुडघ्याने दाबता आलं पाहिजे, कारण हात फळीवर असतात. दुकानात डोळे मिटून गुडघ्याने ते शोधून बघ. लोक बघतील, बघू देत. आणि करवतीच्या पलीकडे तेवढ्याच उंचीचं दुसरं टेबल बांध, फळी त्यावर सरकेल. पलीकडे माणूस लागेल असं काम मांडू नकोस. माणूस कायमचा नसतो.

बोटं जप, बाकी सगळं चालवून घेईन.
आई

२४ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मोठी आली. कपाट आता जावयांच्या लिहिण्याच्या खोलीत आहे, ते कपाटाशी बोलत नाहीत. बटण गुडघ्याला सापडलं. विक्रेत्याने काळजीने विचारलं की पाय दुखतोय का. पलीकडचं टेबलही मी हातकरवतीने बांधलं, फळी त्यावर लोण्यासारखी सरकते.

सगळं तयार आहे आणि मी यंत्र सुरू केलेलं नाही. रोज समोर उभी राहते, पुसते, परत येते. आई, तू ये. पहिल्या फळीला पलीकडे तू उभी राहा. एकदाच. मग नाही मागणार.

तुझीच

३० मार्च

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

येते. शनिवारी सकाळच्या गाडीने.

बाबांची करवत एकजण विकत मागत होता. दिली नाही, त्याच्याही घरी कोणीतरी असेल. वायरमनकडून मोटर आणि पातं काढवून घेतलं. टेबल तेवढं खिडकीशी सरकवलं, आता त्यावर पुस्तक ठेवून वाचते. कोपरांना गार लागतं. बरं वाटतं.

पण पलीकडे मी उभी राहणार नाही. दाराशी एक स्टूल ठेव. मी तिथे हात मांडीवर घेऊन बसेन. तू एकटीने फळी चिरताना मला बघायचं आहे. तेवढं बघितल्याशिवाय इथे परत येऊन माझं वाचनात लक्ष लागणार नाही.

यंत्र घरघरलं की मी सवयीने उठेन, मला माहीत आहे. मी उठले तर बटण दाब. मला पुन्हा खाली बसव. मग चालू कर.

उरलेलं बोलणं सोबत घेऊनच येते.
आई