वादग्रस्त पंप व इतर मालमत्तेची व्यवस्था

मी, सेवानिवृत्त ड्रॉइंगमास्तर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. बायको दारात उभी आहे, पण ती चहाचा कप न्यायला आली आहे.

१. राहते घर बायकोला. ते आजही तिच्याच हुकमात आहे, कागदावर यायचे तेवढे राहिले होते.

२. बँकेतली शिल्लक मुलीला. ती इतकी कमी कशी, हे तिने आईसमोर विचारू नये.

३. जुनी गाडीही मुलीलाच. तिचा कार्बोरेटर मात्र मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला द्यावा, कारण तो आम्ही दोघांनी मिळून उघडला, धुतला आणि जोडला. जोडून झाल्यावर त्यात एक जागा रिकामी राहिली आणि सुट्या भागांच्या डब्यात एक पितळी पंप उरला. खाली चामड्याची वाटी, वर बारीक दांडा. कंपनीच्या पुस्तकात असले चित्रच नाही. मी म्हटले, पाय दाबला की पेट्रोलची जादा पिचकारी मारणारा तो हाच. मेहुणा म्हणाला, हा स्टोव्हचा आहे, अस्सल पंप मागवू.

माझा पुरावा असा, की दांड्याला आडवे भोक आहे आणि त्यात कार्बोरेटरची पिन चपखल बसते. स्टोव्हच्या दांड्याला मूठ असते. त्याचे म्हणणे, आधीच्या मालकाने मूठ कापून भोक पाडले, कानशीचे ओरखडे बघा. मी बघितले. ओरखडे आहेत. पितळ म्हटले की ओरखडे यायचेच. बायकोने माळ्यावरचा स्टोव्ह काढून पाहिला, त्याचा पंप जागेवर होता, म्हणून तिने या प्रकरणातून अंग काढून घेतले.

मी पंप बसवला आणि मेहुणा रागावून गेला तो गॅरेजकडे फिरकला नाही. गाडी तशीच उभी आहे. एकाने पेडल दाबायचे आणि दुसऱ्याने कार्बोरेटरला कान लावायचा, हे एकट्याचे काम नाही. शिवाय मला त्याच्याशिवाय करमत नाही. हे मृत्युपत्रात लिहायला हरकत नाही, असे वकील म्हणाले.

४. हत्यारे मुलीला. शेजाऱ्याने पान्यांचा सेट मागितल्यास तो त्याच्याचकडे आहे याची आठवण द्यावी.

५. दुरुस्ती. साक्षीसाठी मेहुण्याला बोलावले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. तो म्हणाला, "मग कार्बोरेटर नको मला. पण दाजी शुद्धीत आहेत असं लिहून कसं देऊ? स्टोव्हचा पंप गाडीत घालणारा माणूस आहे हा."

वकिलांनी पेन खाली ठेवले. मी म्हटले, "सही राहू दे. नुसतं पेडल दाब."

तो गाडीत बसला, ती सुरू करून त्याने पेडल दाबले. मी कान लावला. गाडीने एकही गचका न खाता जोर घेतला. पंप चालतो हे मी त्याच्या लक्षात आणून दिले.

"स्टोव्हचे पंप चांगलेच असतात, दाजी," तो म्हणाला.

सबब कलम तीनमधला कार्बोरेटर आता गाडीबरोबरच राहील.

ठिकाण: गॅरेज, बॉनेटवर कागद ठेवून.
दिनांक: वकिलांनी घातला तो.
सही: ड्रॉइंगमास्तर

साक्षीदार पहिला, शेजारी: सही माझ्यासमक्ष झाली. कलम चार मला वाचून दाखवलेले नाही.

साक्षीदार दुसरा, मेहुणा: दाजींनी माझ्यादेखत सही केली. ते पूर्ण शुद्धीत आहेत. पंप कार्बोरेटरचाच आहे, हे मला मान्य आहे. मात्र ही मान्यता दाजींच्या पश्चातच लागू होईल. तोवर तो स्टोव्हचाच, आणि हे सांगायला मी रोज येणार आहे.